आईकडे राहिलेला तास

या रविवारी घड्याळं तासभर मागे गेली. मिशिगनमधल्या आमच्या नोव्हाय गावातल्या झाडांवरची पानं संपत आली की दर वर्षी हा रविवार येतो आणि दर वर्षी आमच्याकडे तोच कार्यक्रम होतो. मिलिंद, माझा नवरा, हातात स्टूल घेऊन घरभर फिरतो. आधी हॉलमधलं घड्याळ, मग बेडरूममधलं, मग खाली जाऊन गाडीतलं. मायक्रोवेव्हवरचं तेवढं राहतं, कारण ते कसं बदलायचं हे सांगणारं पुस्तक कधीच हरवलंय. त्यामुळे तो मायक्रोवेव्ह उन्हाळाभर बरोबर असतो आणि थंडीभर तासभर पुढे. आमच्या घरात वेळेच्या पुढे धावणारे दोघंच, एक तो आणि एक मिलिंद.

मिलिंद गाड्यांच्या सीटा बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तिथली पहिली पाळी उजाडायच्या कितीतरी आधी सुरू होते. पण त्याला दोष कारखान्याला देता येणार नाही, कारण हा माणूस मुळातच तसा आहे. नागपूरचा. उन्हाळ्यात दहानंतर घराबाहेर पडणं म्हणजे आत्महत्या, म्हणून त्याच्या घरी भाजीपासून भांडणापर्यंत सगळं सकाळी उरकून घेतात. मी पुण्याला शिकलेली, सॉफ्टवेअरमधली, आणि माझी टीमही पुण्यात. त्यांची सकाळ व्हायची तेव्हा इथे लोकांच्या खिडक्यांतले दिवे विझत असायचे. कानाला हेडफोन लावून मी त्यांच्याशी बोलत बसायची. हेही मी नोकरीसाठी करत होते असं नाही. रात्री दहानंतर माझं डोकं जसं चालतं तसं ते सकाळी दहाला चाललेलं कुणी पाहिलेलं नाही.

पहाटे उठणाऱ्या माणसाला जगात फार मान. ‘मी पाचला उठतो’ हे वाक्य तो अशा सुरात सांगतो की ऐकणाऱ्यानं त्याला नारळ आणि शाल द्यावी. रात्री एकपर्यंत जागून काम करणाऱ्याला मात्र कुणी नारळ देत नाही. उलट ‘तब्येतीची हेळसांड करू नका’ असं सांगतात. लवकर निजे लवकर उठे त्याला ज्ञान, आरोग्य, संपत्ती असं सगळं एकदम भेटतं म्हणे. आमच्या गावचा दूधवाला रोज तीनला उठायचा, त्याला तिन्हींपैकी एकही भेटल्याचं ऐकिवात नाही.

लग्नाच्या वेळी आमची पत्रिका पाहिली होती. गुण भरपूर जुळले. नाडी, गण, सगळं तपासलं, पण मुलगी किती वाजता उठते हे कुणी विचारलं नाही. खरं तर पत्रिकेत तेवढी एकच गोष्ट तपासण्यासारखी असते. मंगळ एखाद्या शांतीनं मवाळ होतो, पण झोपेची शांती अजून कुणा गुरुजींना माहीत नाही.

पाच वर्षांपूर्वी, गणपतीनंतर, आई आमच्याकडे आली. गुडघ्यांमुळे बाबांनी प्रवासाला नकार दिला, म्हणून सहा महिन्यांसाठी ती एकटीच आली. आणि आल्या आल्या पहिल्याच पहाटे तिनं मला हलवून उठवलं.

“मेधा, ऊठ. पाणी आलंय.”

आमच्या तालुक्याच्या गावी नळाला पाणी यायचं ते पहाटे चारच्या सुमाराला. आधी नळ खोकायचा, मग दोन-चार शिव्या दिल्यासारखा आवाज करायचा आणि मग धार लागायची. लग्न होऊन त्या घरात आल्यापासून आई त्या खोकल्यावर उठत आली होती. गल्लीतले लोक तिला ‘ब्राह्ममुहूर्तावर उठणारी बाई’ म्हणत आणि आपापल्या सुनांना तिचं उदाहरण देत. पुण्य सगळं नळाचं होतं, पण जमा आईच्या खात्यावर व्हायचं.

“आई, इथे पाणी येतच असतं.”

“बंद कधी होतं?”

“होत नाही.”

तिनं माझ्याकडे दयेनं पाहिलं. “आज येतंय म्हणून उद्या येईल असं नसतं बाई,” म्हणाली आणि भरायला लागली. मी उठले तेव्हा ओट्यावर उभं राहायला जागा नव्हती. पातेली, कुकरचे डबे, दुधाचा जग, कॉफीमेकरचं काचेचं भांडं, केक करायचं गोल टिन, सगळं काठोकाठ. दुसऱ्या पहाटे हे सगळं ‘शिळं’ पाणी बाल्कनीतल्या तुळशीला आणि उरलेलं सिंकमध्ये, आणि पुन्हा नवीन भरणं. तुळस आठवडाभरात पिवळी पडली. मी आईला नळाची यंत्रणा समजावून सांगितली, मिलिंदनं तर कागदावर आकृती काढली. तिनं ती नीट पाहिली, “छान काढलीत,” म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी चारला उठली.

मिलिंदला मात्र खजिनाच सापडला. इतकी वर्षं एकट्यानं अंधारात दुधात कॉर्नफ्लेक्स बुडवणारा माणूस आता पहाटे गरम पोळी आणि आल्याचा चहा घेऊन कामावर जायला लागला. सासू-जावयाची मैफल जमायची. “तुमच्याकडे ऊन कसं असतं हो?” “आई, काही विचारू नका, डांबर वितळून राहतं नं.” हे मला अर्धवट झोपेत ऐकू यायचं. दोघांचा पक्ष झाला आणि मी अल्पमतात गेले.

पण थोड्याच दिवसांत माझ्या लक्षात आलं की आई त्या पक्षात आहे तशी माझ्याही पक्षात आहे. रात्री माझा कॉल चालू असेपर्यंत ती सोफ्यावर बसून राहायची. मूग निवडायची, वाती वळायची, काही नसेल तर आलेल्या जाहिरातींतली चित्रं बघायची. “झोप ना,” म्हटलं की, “तू जागी असताना मी कशी झोपू?” आणि पहाटे, “जावई उठल्यावर मी कशी लोळत पडू?” म्हणजे घरात दोन पाळ्या चालत होत्या आणि ही बाई दोन्ही करत होती. मुलीकडे आराम करायला म्हणून आलेली. दुपारी पडायची म्हणावं तर, ‘दिवसा झोपलं की घराला अवकळा येते.’ तिचे डोळे खोल गेले. मला फार वाईट वाटलं. माझ्या आठवणीत तिनं उजेडात डोळे उघडलेच नव्हते. मी ठरवलं, परत जायच्या आत आईला एकदा तरी, एकच दिवस, दिवस वर येईपर्यंत झोपलेलं बघायचं.

मिलिंदला विश्वासात घेतलं. तो बिचारा लगेच तयार झाला. पहाटे दिवा न लावता उठायचा, अंधारात शर्ट घालायचा, आणि हातात बूट घेऊन पायमोज्यांवर दाराबाहेर पडायचा. एकदा तर शर्ट उलटा घालून प्लांटवर गेला आणि जेवणाच्या सुट्टीपर्यंत कुणी सांगितलं नाही. उपयोग शून्य. तो दाराच्या कडीला हात लावायचा तोच मागून आवाज यायचा, “अहो मिलिंदराव, डबा.” माझ्या कॉलचं म्हणाल तर मी बेडरूममध्ये जाऊन कपाटात तोंड घालून बोलायला लागले. पुण्याच्या लोकांना माझा आवाज विहिरीतून आल्यासारखा यायचा. आई बेडरूमच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसायची.

एका शनिवारी मी दहाला उठून बाहेर आले. मिलिंदला त्या दिवशीही कामावर बोलावलं होतं. नव्या मॉडेलचं लाँच होतं आणि त्या काळात त्यांना शनिवार नसायचा. आई मेथी निवडत होती. तिनं माझ्यासमोर चहा ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मेधा, खरं सांग. तुमचं काही बिनसलंय का?”

“कुणाचं?”

“तुझं नि जावयांचं. ते चोरासारखे हातात बूट घेऊन घराबाहेर जातात. तू कपाटात तोंड घालून बोलतेस. मी आईय तुझी, मला नाही सांगणार तर कुणाला?”

मला इतकं हसू आलं की चहा नाकात गेला. मग मी तिला सगळं खरं सांगितलं. हे सगळं तुझ्या झोपेसाठी चाललंय, म्हटलं. तिनं ऐकून घेतलं. मेथीच्या काड्या बाजूला केल्या.

“माझी झोप कशाला बघता? मी आल्यापासून तुम्ही दोघं टक्क जागे असे एका ठिकाणी बसलेले मला दिसले नाहीत. तू ऑफिसातून घरी येतेस तेव्हा ते सोफ्यावर घोरत असतात. ते उठतात तेव्हा तू मेल्यासारखी पडलेली. एक जांभई देतो तेव्हा दुसरी डोळे चोळते. हा काय संसार झाला?”

“आई, मी उशिरापर्यंत जागत नाही,” मी वकिली सुरू केली. “फोनवर मला पलीकडचे कावळे ऐकू येतात, कुणाचा तरी कुकर ऐकू येतो. तिथे सकाळ असते. म्हणजे मी पुण्यात लवकर उठते.”

“मग झोपतेस कुठल्या गावच्या वेळेनं?”

मी पुन्हा हसून नाक पुसलं. आणि हसणं ओसरल्यावर मला जाणवलं की तिनं सांगितलं ते खरंच होतं. आम्ही भांडलो नव्हतो, आमचं काही बिनसलं नव्हतं. भांडायला दोघं जागे लागतात. दूध संपलंय, वीजबिल भरलं, तुझ्या आईचा फोन आला होता, एवढ्यावर आमचे दिवस चालले होते आणि आम्हाला त्यात काही कमी आहे असं वाटतही नव्हतं.

दिवाळी आली. त्या वर्षी नरकचतुर्दशी अगदी कामाच्या दिवशी. सूर्य उगवायच्या आत अभ्यंगस्नान झालं नाही तर नरकात जावं लागतं, हे लहानपणापासून ऐकत आलेय आणि लहानपणापासून नरकाच्या वाटेवर आहे. आईनं आदल्या दिवशी तेल, उटणं काढून ठेवलं. मिलिंदची आंघोळ चारला झाली. कारीट कुठून आणणार, म्हणून त्यानं बाथरूमच्या दारात डाव्या अंगठ्यानं एक चेरी टोमॅटो फोडला आणि तुळशीला नमस्कार करून कामावर गेला. आई मला हाका मारून दमली. मी उठले सव्वासातला, तेल लावून घेतलं, सावकाश न्हाले आणि बाहेर येऊन पडदा सरकवला तर बाहेर अजून अंधारच. समोर शाळेची पिवळी बस दिवे लावून उभी होती. मिशिगनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटाला सूर्य आठच्या आगेमागे येतो. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीही कष्ट न करता पुण्यवान ठरले. आई खिडकीशी उभी राहून पूर्वेकडे बघत राहिली.

“इथला सूर्य तुझ्यावर गेलाय,” ती म्हणाली.

त्याच वर्षी असं जमून आलं की घड्याळं मागे करायचा रविवार पाडव्याच्याच दिवशी आला. हे प्रकरण आईला समजावून सांगताना मिलिंदनं पुन्हा कागद घेतला. ती म्हणाली, आकृती नको, तोंडानं सांगा.

“म्हणजे आई, शनिवारी रात्री झोपायचं आणि रविवारी एक तास जास्त मिळतो.”

“कोण देतं?”

“सरकार.”

“सरकार फुकट काही देत नाही.”

“नाही, एप्रिलमध्ये परत घेतात.”

आईनं बोटांवर महिने मोजले. मोजता मोजता तिचा चेहरा फुलत गेला. “एप्रिलमध्ये मी कुठे असणार? मी फेब्रुवारीत जाणार. म्हणजे माझ्याकडून कसा घेतील?”

मिलिंदनं बाजूला ठेवलेला कागद पुन्हा ओढला. इंजिनिअर असूनही त्याला यात खोट काढता येईना. ती एप्रिलनंतर आली होती, त्यामुळे तिनं दिलेला असा काहीच नव्हता, आणि परतीचा तास मागायच्या आत ती निघून जाणार होती. दोन दिवस आई याच आनंदात होती. बाबांना फोन करून तिनं ही बातमी सांगितली, तर ते म्हणाले, तास कसला आणतेस, एखादी चांगली वस्तू आणायची.

शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे दोन-तीन ओळखीची कुटुंबं फराळाला आली. चकल्या झाल्या, भेळ झाली, बासमती तांदळाची खीर झाली. घरातलं एकूण एक भांडं वापरलं गेलं. सगळे गेल्यावर आम्ही तिघांनी मिळून ती घासली आणि ओट्यावर पंचा पसरून त्यावर पालथी घातली. मिलिंदनं स्टूल घेऊन घड्याळं मागे केली. आणि मी आईला बजावलं, उद्या हा जो तास मिळणार आहे तो झोपायचा आहे, पाणी भरायचा नाही.

“बघू,” आई म्हणाली.

रविवारी मला जाग आली ती शांततेमुळे. रोज झोपेत भांड्यांचा आवाज असायचा, नळाचा असायचा, सासू-जावयाची कुजबुज असायची. आज काहीच नाही. बाहेर उजाडलं होतं. मी धडपडत बाहेर आले. मिलिंद स्वयंपाकघरात एकटाच चहा करत होता. आईच्या खोलीचं दार बंद.

“आई?”

“उठल्याच नाहीत,” तो कुजबुजला.

महिनाभर मी ज्यासाठी जीव टाकत होते ते झालं होतं आणि मनात आलं ते भलतंच. आई झोपलीय, आणि तीही उजाडल्यावर, म्हणजे काहीतरी झालंय. मी दार किंचित उघडलं. भिंतीकडे तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन ती निजली होती. आई कधी डोक्यावरून पांघरूण घेत नाही. थंडी वाजत असेल, म्हटलं. पांघरूण वरखाली होत होतं. मी तिथेच उभी राहून चार-पाच श्वास पाहिले.

“झोपू दे नं,” मागून मिलिंद म्हणाला. “काहून उठवतेस?”

मग आम्ही दोघं टेबलाशी बसलो. चहा होता, चिवड्याचा डबा होता आणि आई उठू नये म्हणून आवाज करायची बंदी होती, त्यामुळे खुर्च्या जवळ घेतल्या. सुरुवातीला दुधाचं, वीजबिलाचं झालं. मग तो म्हणाला, कामावर जाताना एका वळणावर त्याला रोज एक हरणी दिसते, दोन पिलांबरोबर, गाडीच्या दिव्यात ती थांबून बघते आणि हा लाइट बारीक करतो. हे तो महिनाभर रोज बघत होता आणि मला ठाऊक नव्हतं. मी त्याला सांगितलं की आमच्या टीममधल्या एकाच्या घरी पोपट आहे आणि तो फोनवर माझं नाव घेऊन ‘हॅलो’ म्हणतो. तो इतका हसला की तोंडावर हात दाबावा लागला. मग पोपटाचं झालं, मग त्याच्या आजोळच्या कोंबड्याचं, मग घर घ्यायचं की नाही, मूल कधी, इथे राहायचं की परत जायचं. लग्नाआधी गच्चीवर बोलायचो तसं. चहा दोनदा झाला. ऊन टेबलावर येऊन चिवड्याच्या डब्यापर्यंत सरकलं.

आठ वाजून गेल्यावर आई बाहेर आली. दारात उभं राहून तिनं एक लांबलचक जांभई दिली. ती जांभई मला तेव्हाच जरा जास्त लांब वाटायला हवी होती.

“बाई बाई, केवढी झोपले मी,” ती म्हणाली. “चला, आता जावयांना ओवाळ. पाडवा आहे.”

मी मिलिंदला ओवाळलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आईला वाटलं पाडव्याचं आहे, मिलिंदला वाटलं धुराचं आहे. खरं म्हणजे मी जिंकले होते. पुढे कित्येक दिवस मी भेटेल त्याला सांगत सुटले, आमची आई आठपर्यंत झोपली. बाबांना सांगितलं, मावशीला सांगितलं, पुण्याच्या टीमला सांगितलं. फेब्रुवारीत विमानतळावर आई माझ्या कानात म्हणाली, “तुमचा तास राहिला गं माझ्याकडे,” आणि पर्स छातीशी धरून आत गेली, जसं काही तपासणीत तो सापडला असता.

पाच वर्षं झाली. कायदा बदलला, घड्याळं आता ऑक्टोबरऐवजी नोव्हेंबरात मागे जातात. यंदा मिलिंदच्या प्लांटमध्ये काम इतकं कमी झालंय की पहिली पाळी राहील की नाही याचीच चर्चा असते, तरी हा आपला अंधारात उठून बसतो. मी अजूनही उशिराच झोपते. पण त्या पाडव्यापासून रविवारी सकाळी एक तास आम्ही दोघं टेबलाशी बसतो. तो त्याच्या दिवसातून तास काढतो, मी माझ्या झोपेतून. तर या रविवारी, स्टूल जागेवर ठेवून तो चहाला आला तेव्हा मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “आठवतं? आई आठपर्यंत झोपली होती.”

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, “तुला सांगू का एक? रागावू नको. त्या दिवशी मी चहा ठेवायला गेलो नं, तर ओट्यावर सगळी भांडी सरळ होती. भरलेली. केकच्या टिनासकट. चहाचं पाणी मी त्यातलंच घेतलं. तुझं सगळं लक्ष त्या बंद दाराकडे.”

“आणि तू पाच वर्षं बोलला नाहीस?”

“तू एवढी खूश होतीस यार.”

मी तडक फोन उचलला. तिकडे संध्याकाळ झाली होती. मी आईला सरळ विचारलं. ती आधी नुसतीच हसली.

“अगं, झोपते कुठली? चारला उठले, म्हणजे तुमच्या नव्या घड्याळात तीनच की. पाणी भरलं, आंघोळ केली, आणि मग जावयांची चाहूल लागली तशी परत जाऊन पडले. डोक्यावरून घेतलं, केस ओले दिसायला नकोत म्हणून. पाठ अवघडून गेली नुसती. काय तो तास, सरता सरेना.”

“मग उठायचंस ना आई.”

“तुम्ही बोलत होतात ना. कशी उठू?”

“ऐकत होतीस?”

“शब्द काही कळले नाहीत. पण आवाज दोन होते. ते बरं वाटत होतं.”

मिलिंद समोरून खुणेनं विचारत होता, काय म्हणतात? मागून, फोनमधून, नळ खोकल्याचा आवाज आला. आता आमच्या गावी पाणी संध्याकाळचं येतं.

“ठेवते गं,” आई घाईनं म्हणाली. “पाणी आलं. आणि तुम्ही दोघं बसा.”